बंद न पडणारं मशीन

ते मशीन कुठल्या छावणीतलं होतं, हे मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की निम्मे वाचक म्हणतील, "बघा, आम्ही सांगतच होतो," आणि उरलेले म्हणतील, "तुम्हालाच वापरता आलं नसेल." दोन्ही वाक्यं मी घरच्या घरी भरपूर ऐकली आहेत.

तर दिवाळी अंक, १७६ पानांचा. त्यातली ११२ पानं लावून झालेली. गौरी-गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी लॅपटॉपचं झाकण उघडलं, तर पडदा काळाच. बटण दाबलं, मिनिटभर दाबून धरलं, चार्जर बदलला, प्लग बदलला. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मशीन घेऊन तीन महिनेही झाले नव्हते.

"काकू, ते बंद पडतच नाही," असं सांगून ते माझ्या गळ्यात घालणारा पुतण्या त्या वेळी पुण्याला गाढ झोपलेला होता.

मी काही नवशिकी नाही. १९९६ पासून रत्नागिरीत डीटीपी करते. पेजमेकरवर लग्नपत्रिका लावल्यात, श्रीलिपी फॉन्टांचं पोर्टला लावायचं लॉक पोरांच्या हाती लागू नये म्हणून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. २००५ च्या सुमारास माझ्या पहिल्या टॉवरच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर टम्म फुगले, तेव्हा ते मीच आधी बघितले, दुरुस्तीवाल्याने नंतर. म्हणजे मशीन मरतं हे मला ठाऊक होतं. तरीही फसले, म्हणून हे लिहिते आहे.

जुना टॉवर २०१६ चा, जोडून घेतलेला. नऊ वर्षं चालला. एकदा एसएमपीएस गेला, एकदा डिस्क बदलली, पण एकही काम अडलं नाही. त्याचा गुन्हा एवढाच, की विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ च्या यादीत त्याचा प्रोसेसर बसत नव्हता. नवीन घेणं भाग होतं. हे कळायचा अवकाश, घरात दोन पक्ष पडले, एक विंडोजचा आणि एक मॅकचा.

एका बाजूला पुतण्या. दुसऱ्या बाजूला आमच्या यजमानांचे बँकेतले मित्र. दोघांच्याही हातात पुरावे. एकाने १९ जुलै २०२४ काढला. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशीनं निळी पडून बसली आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची वेळ आली. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीनं. मॅक त्या दिवशी आरामात चालत होते. दुसऱ्याने लगेच मॅकबुकचा तो चपटा कीबोर्ड काढला. २०१५ पासून ॲपलने बसवलेला, कण अडकला की अक्षर उठेना किंवा दोनदा उठे. २०१८ मध्ये कंपनीला तो फुकट बदलून द्यायची योजना आणावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. एक तिसरा पक्षही होता. पुतण्याचा मित्र म्हणाला, "जुन्यावरच लिनक्स टाका, आणखी पाच वर्षं ओढेल." ओढलंही असतं. पण इनडिझाइन आणि कोरलड्रॉ लिनक्ससाठी येतच नाहीत, आणि माझं पोट त्या दोघांवर आहे. त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

आता निवांत बसून विचार केला तर दिसतं, की दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचंही बोलणं माझ्या उपयोगाचं नव्हतं. क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या विकत घेतात. माझ्या टॉवरवर ते कधी नव्हतंच. आणि तो कीबोर्ड कंपनीने केव्हाच काढून टाकलाय. लोक आपापल्या छावणीच्या जखमा मोजत नाहीत, समोरच्याच्या मोजतात.

आणि आत बघावं तर भाग तेच. माझे कपॅसिटर फुगले त्याच सुमारास डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्येही फुगत होते आणि ॲपलच्या आयमॅक जी-फाइव्हमध्येही. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिपा सदोष निघाल्या, तर मॅकबुक प्रो, डेल, एचपी सगळ्यांच्याच लॅपटॉपांना झळ बसली. पाटी वेगळी असते, पोटातला भाग एकाच कारखान्यातून आलेला असू शकतो. हे मला माहीत होतं हो. पण "बंद पडतच नाही" हे वाक्य एवढ्या ठामपणे कानावर पडलं की माणूस माहीत असलेलंही विसरतो.

पुतण्याचं म्हणणं होतं, "आमच्या ऑफिसात चाळीस जण वापरतात, कुणाचं बंद पडलेलं मी बघितलं नाही." हे तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या ऑफिसात मशीन बंद पडलं की एक मुलगा येतो, दुसरं ठेवून जातो. काम सगळं सर्व्हरवर. अर्ध्या तासात साहेब पुन्हा कामाला. त्याला वाटतं, मशीन बंद पडत नाही. ते पडतं, पण त्याचं ओझं ज्याच्या डोक्यावर पडतं तो माणूस वेगळा असतो. माझ्या घरी तो माणूस मीच.

त्या सकाळी मी आमच्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. पोरगा म्हणते, पण त्याला आता दोन मुलं आहेत. २०११ मध्ये माझं मशीन गेलं तेव्हा ह्यानेच त्याची डिस्क काढून, एक यूएसबीची केबल लावून, दुसऱ्या मशीनवर सगळ्या फायली उघडून दाखवल्या होत्या. मला वाटलं, आताही तेच करेल. त्याने लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, तळाचा नंबर मोबाइलवर शोधला, आणि स्क्रू ड्रायव्हर परत पिशवीत ठेवला.

"काकी, उघडून उपयोग नाय. ह्यात काढण्यासारखी डिस्कच नाय. ती बोर्डावरच डकवलेली."

"मग बोर्डावरून काढ."

"काढली तरी वाचता नाय येणार. कुलूप लावलेलं असतं, आणि चावी ह्याच बोर्डात."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. मशीन मेलंय, एवढंच नव्हतं. माझी पानं त्याच्या पोटात होती आणि पोरगा ते पोट फाडायला नाही म्हणत होता. जुन्या टॉवरचं काहीही बिघडलं तरी डिस्क सुटी निघायची. इतकी वर्षं मी मशीनवर नाही, त्या चार स्क्रूंवर विसंबून होते, आणि ते चार स्क्रू नव्या मशीनमध्ये नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराने वजन सांगितलं. जाडी सांगितली. बॅटरी सांगितली. हे नाही सांगितलं.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. पावसात आंबा घाटाने १३० किलोमीटर. एसटीत बसले तेव्हा मनाला एकच आधार होता, क्लाउड. फायली आपोआप वर जातात, असं पुतण्यानेच लावून दिलं होतं. साखरप्याला गाडी चहाला थांबली, तेव्हा मोबाइलवर फोल्डर उघडलं. शेवटची फाइल १४ ऑगस्टची. नंतरचं काहीच नाही. वर एक ओळ: जागा संपली आहे.

फुकटात ५ जीबी मिळतात. दोन्ही छावण्यांत तेवढेच. दिवाळी अंकाच्या फोटोंना ते किती दिवस पुरणार? त्याची सूचना कोपऱ्यात रोज येत होती आणि मी ती रोज बंद करत होते. हो, करत होते. पण त्याच कोपऱ्यात वाढीव जागा विकत घ्या, अमुक करून बघा, तमुक नवीन आलंय अशाही चौकटी रोज येतात. घर जळतंय हे सांगायला फुगे विकणाऱ्याच्याच आवाजात आलात, तर माणूस दार कसं उघडेल? माझी चूक शंभरातली तीस. उरलेली सत्तर त्या चौकटीची.

११२ पैकी ४१ पानं वर होती. ७१ नव्हती.

काउंटरवरची मुलगी गोड होती. तीच तर अडचण. तिने मशीन आत पाठवलं, वीस मिनिटांनी हसतमुखाने आली. "मॅडम, बोर्ड फॉल्टी आहे. वॉरंटीत आहे, पूर्ण फ्री बदलून मिळेल."

"आणि माझी पानं?"

"डेटा ही कस्टमरची जबाबदारी असते मॅडम. इथे सही करा."

मी सही केली नाही. आधी आतल्या साहेबांना बाहेर बोलवायला लावलं. ते म्हणाले, "कोकणात व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो ना." मी चार्जर त्यांच्यासमोर धरला. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं कंपनीनेच छापलंय. शिवाय माझ्याकडे यूपीएस आहे आणि घरची अर्थिंग मी दर वर्षी वायरमनकडून मोजून घेते, न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. साहेबांनी विषय बदलला. "पण मॅडम, मशीन तर तुम्हाला नवीनसारखंच मिळतंय ना?" हे ते खरोखर मनापासून म्हणाले. त्यांना कळेना, बाईंना नेमकं काय पाहिजे.

परतीच्या गाडीत मला ते उमगलं. त्यांच्या वहीत माझ्या मशीनची नोंद कशी होणार? तक्रार आली, वॉरंटीत होती, आठ दिवसांत बदलून दिलं. उत्तम सेवा. त्या वहीत मशीन विश्वासाला पात्र ठरतं. दिवाळी अंकाची ७१ पानं त्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

अंक निघाला. कसा निघाला तेही सांगते. माळ्यावरून जुना टॉवर उतरवला, त्यावरची जुनी साडी झटकली, बटण दाबलं, आणि तो काहीच झालं नसल्यासारखा सुरू झाला. प्रुफं बघणारे गुरुजी पडद्यावर वाचत नाहीत. त्यांना कागद लागतो, त्यासाठी मी वर्षानुवर्षं कुरकुर केली आहे. त्यांच्याकडे ६३ पानांचे कागद होते, लाल शाईने दुरुस्त केलेले. ते समोर ठेवून पुन्हा टाइप केलं, पुन्हा लावलं. आठ पानं लेखकांना फोन करून परत मागवली. एकाने मूळ मजकूर ठेवलाच नव्हता, त्याची बोलणी वेगळी. छापखान्यात नऊ दिवस उशिरा पोचलो आणि संपादकांनी बिलातून बारा हजार कापले. पुतण्याचा मेसेज आला: "काकू, बॅकअप नव्हता का?" मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

आता नवं मशीन घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: डिस्क सुटी निघते का? ॲपलच्या आजच्या लॅपटॉपांत ती बोर्डावरच असते. विंडोजवाल्यांत काहींत स्क्रू काढून निघते, काहींत डकवलेली असते. दुकानदार "हो हो" म्हणाला तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा, विकणाऱ्याला नाही. डकवलेली आहे म्हणून घेऊच नका असं मी म्हणत नाही. मशीन मेल्यावर आतलं काही परत येणार नाही, असं धरून पहिल्या दिवसापासून चाला.

दुसरा प्रश्न चावीचा. हल्ली डिस्कला कुलूप बहुतेक वेळा न विचारताच लागतं. चोरी झाली तर ते चांगलंच आहे. विंडोज ११ मध्ये नवीन मशीनवर कंपनीच्या खात्याने आत गेलात की ते चालू होतं आणि चावी त्या खात्यात जाते. खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल, तर तुमच्या घराची चावी त्याच्या खिशात आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. क्राउडस्ट्राइकच्या त्या घोळानंतर मशीनं परत उभी करतानाही पुष्कळ ठिकाणी ह्या चावीपाशीच लोक अडले. चावीचे आकडे कागदावर लिहा आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवा. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू केलंत तर त्याचीही चावी तशीच जपा.

बाहेरच्या डिस्का दोन घ्या. एक घरात, एक शेजारी किंवा माहेरी. आणि त्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन रात्री घालवून कळलं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर मॅक वाचतो पण लिहीत नाही, आणि मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला सरळ दिसतच नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं. म्हणजे ह्या छावणीतलं मशीन मेलं तर त्या छावणीतल्या मैत्रिणीकडे जाऊन काम पुढे नेता येतं. फक्त डिस्क काढताना आधी "इजेक्ट" करा. तशीच उपटलीत तर एक्सफॅट रुसतं.

क्लाउडवर विश्वास ठेवा, पण दर शुक्रवारी मोबाइलवर उघडून शेवटच्या फाइलची तारीख बघा. मोबाइलवरच बघा. ज्या मशीनवर काम करता तिथे फोल्डर भरलेलंच दिसतं. आणि आणखी एक: क्लाउडमधून इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. तो आरसा आहे, तिजोरी नाही.

महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर बॅकअपमधली एक फाइल उघडा. उघडली तरच तो बॅकअप. फॉन्टही सोबत ठेवा, नाहीतर पानं सापडतील आणि अक्षरं सापडणार नाहीत. जुन्या श्रीलिपीच्या फायली असतील तर छावणी बदलण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू आहे ना ते बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि तुम्ही मशीनला शिव्या देत बसाल.

हंगामात अपडेट घेऊ नका. मोठी अपडेट तरी नाहीच. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या होत्या आणि कंपनीला ती थोड्याच दिवसांत थांबवावी लागली होती. सुरक्षेच्या लहानसहान अपडेट घ्याव्या लागतात, त्या अंक छापायला गेल्यावर.

सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, म्हणून त्याचा सल्ला घेताना जपून. घरी येऊन दुरुस्त करणारी ऑनसाइट वॉरंटी मिळत असेल तर पैसे द्या, आणि ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का ते लेखी घ्या.

बाकी नेहमीचंच. पावती जपा. चहाचा कप लांब ठेवा. स्वस्तातला चार्जर घेऊ नका. पावसाळ्यात मशीन कपाटात कोंडून ठेवू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

आणि कुणी "आमचं बंद पडत नाही" म्हणालं, तर त्याला हे ऐकवा. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड ह्या अमेरिकेतल्या वॉरंटी कंपनीने ३० हजारांवर लॅपटॉपांची नोंद तपासली होती. तीन वर्षांत जवळपास तिघांतला एक गेला. त्यातले बरेचसे आपोआप, काही पाडल्या-सांडल्यामुळे. आपोआप बिघडण्यात सगळ्यात चांगल्या ठरलेल्या कंपनीचाही आकडा १५.६ टक्के होता. ॲपल १७.४ वर, चौथी. आणि विंडोजवर चालणाऱ्याच कंपन्यांमध्ये १५.६ पासून २५.६ पर्यंत अंतर. म्हणजे एकाच छावणीतल्या दोन घरांत जेवढा फरक, तेवढा दोन छावण्यांतही नाही. आकडे जुने आहेत, आज ते तसेच नसतील. पण शून्य तेव्हाही कुणाचा नव्हता.

कोणतं मशीन कमी बंद पडतं, ह्यावर लोक रात्र-रात्र भांडतात. मीही ऐकत बसले होते, चहा करत होते. बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी माझं काम कुठून सुरू होणार, हे त्या बैठकीत कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मला तर माहीत असायला हवं होतं.

बदललेल्या बोर्डाचं मशीन परत आलंय. टेबलावर आहे, चांगलं चालतं, हा लेखही त्यावरच टाइप केलाय आणि दर दहा मिनिटांनी बाहेरच्या डिस्कवर जातोय. जुना टॉवर माळ्यावर परत गेला नाही. टेबलाखाली आहे, इंटरनेटची वायर काढून.

सर्व्हिस सेंटरचा एक मेसेज मोबाइलवर अजून तसाच पडलाय. "आपले मशीन समाधानकारक दुरुस्त झाले का? हो असल्यास १ दाबा, नाही असल्यास २ दाबा." मशीन दुरुस्त झालंय, हे खरंच आहे. म्हणून २ दाबता येत नाही. आणि १ मी दाबणार नाही.